पडत्या काळात लावलेली बाग
दोरूच्या खोऱ्यातील फरेरा घराण्याचा इतिहास

प्रत्येक द्राक्ष बागायतदाराच्या घरात एक असे वर्ष असते, की त्याचे नाव काढले की घर गप्प होते. कुणाचे ते गारपिटीचे वर्ष असते, कुणाचे डावण्याचे, कुणाचे भाव इतके पडल्याचे, की तोडणीची मजुरीसुद्धा निघाली नाही. अशा वर्षी रात्री ओट्यावर बसून एकच प्रश्न घोळत राहतो: बाग तोडायची की राखायची?

या स्मरणिकेसाठी एका परदेशी द्राक्षमळ्याचा इतिहास लिहावा, असे ठरले तेव्हा माझ्या मनात पहिले नाव आले ते पोर्तुगालमधल्या फरेरा घराण्याचे. अडीचशे वर्षांहून जुन्या या घराण्याने भुरी पाहिली, भाव कोसळताना पाहिले आणि अख्खे खोरे उजाड करणारी कीडही पाहिली. त्यातल्या सर्वांत कठीण पन्नास वर्षांत त्याचा कारभार एका बाईच्या हाती होता. दोना आंतोनिया आदेलायद फरेरा हे त्यांचे पूर्ण नाव. खोऱ्यातली माणसे त्यांना ‘फरेरिन्या’ म्हणत. शब्दशः ‘छोटी फरेरा’, पण आपण माई किंवा अक्का म्हणतो तो जिव्हाळा त्या हाकेत आहे. ‘बाग तोडायची की राखायची’ या प्रश्नाला या बाईंनी प्रत्येक वेळी एकच उत्तर दिले. त्यांनी लावणी केली.

नदी, डोंगर आणि खडक

दोरू नदी स्पेनमध्ये उगम पावते, पोर्तुगाल ओलांडते आणि पोर्तो शहरापाशी अटलांटिक महासागराला मिळते. बंदरापासून शंभरेक किलोमीटर आत गेले, की मारांव नावाची डोंगररांग लागते. समुद्रावरून आलेले ढग या रांगेवर रिते होतात आणि पलीकडचे खोरे कोरडे राहते. सह्याद्रीच्या पूर्वेला, पर्जन्यछायेत द्राक्ष पिकवणाऱ्या आपल्यासारख्यांना हे वेगळे सांगायला नको. जसजसे पूर्वेला स्पेनच्या दिशेने जावे तसतसा पाऊस कमी होत जातो. शेवटचा पट्टा तर तासगाव-कवठेमहांकाळच्या शेतकऱ्याला आपलाच वाटावा इतका कोरडा आहे. ‘नऊ महिने हिवाळा आणि तीन महिने नरक’ असे तिथली माणसे आपल्या हवामानाबद्दल म्हणतात.

जमीन म्हणावी तर तीही नाही. पाटीसारखे पापुद्रे सुटणारा शिस्ट खडक आणि नदीत उतरणारे उभे कडे. पहारीने खडक फोडायचा, त्यातलेच दगड चुन्याशिवाय रचून बांध घालायचे आणि मागे भुगा भरून पायरी करायची. त्या पायरीवर वेलींची एखादी ओळ बसायची. शिस्टच्या भेगांतून मुळे खोलवर ओलावा शोधत जातात आणि म्हणूनच त्या उन्हाळ्यातही वेल तगतो. खोऱ्याचे डोंगरच्या डोंगर असे हाताने पायऱ्या पाडून घडवलेले आहेत. २००१ साली युनेस्कोने आल्तो दोरूचा हा मुलूख जागतिक वारशात घेतला, तो या मनुष्यश्रमांसाठी.

या खोऱ्याच्या वाइनला बाजार मिळवून दिला इंग्रजांनी. १७०३ च्या मेथ्युएन तहामुळे पोर्तुगीज वाइनला इंग्लंडमध्ये फ्रेंच वाइनपेक्षा कमी जकात लागू झाली आणि मागणी वाढली. मागणीबरोबर भेसळही वाढली आणि भाव कोसळले. तेव्हा १७५६ साली पोर्तुगालचे प्रधान मार्क्विस द पोंबाल यांनी खोऱ्याची हद्द आखली आणि हद्दीवर ग्रॅनाइटचे दगड रोवले. ‘या हद्दीतल्या द्राक्षांची तीच खरी वाइन’ हे तत्त्व सरकारी कायद्याने बांधून देणाऱ्या जगातल्या पहिल्या काही प्रदेशांत दोरूची गणना होते. नाशिक व्हॅली वाइनला भौगोलिक मानांकन मिळाले त्यामागेही हेच तत्त्व आहे.

घराण्याचा पाया

फरेरा घराणे आपली स्थापना १७५१ सालची मानते, म्हणजे पोंबाल यांनी हद्द आखली त्याच्या पाच वर्षे आधीची. खोऱ्यातले रेग्वा हे त्यांचे गाव. इंग्रज व्यापाऱ्यांच्या नावांनी भरलेल्या या धंद्यात मळेही आपले आणि व्यापारही आपला अशी बसवणूक करणाऱ्या मोजक्या पोर्तुगीज घराण्यांत फरेरा होते. हे आडनाव गोव्यामुळे आपल्याही कानांना परके नाही.

दोना आंतोनियांचे चुलते आंतोनियो बेर्नार्दो फरेरा यांनी १८२३ साली नदीकाठचा वेझूव्हिओ हा मळा घेतला. मळ्याला तिथे ‘किंता’ म्हणतात. द्राक्षे तुडवण्यासाठी त्यांनी १८२७ साली वेझूव्हिओवर ग्रॅनाइटचे आठ हौद बांधले. या हौदांना ‘लागार’ म्हणतात. ते आजही वापरात आहेत आणि तिथली वाइन आजही पायांनी तुडवून होते.

ते तुडवणे कसे चालते, हे समजून घेतल्याशिवाय हा धंदा कळणार नाही. सप्टेंबरात दिवसभर तोडणी चालते. परंपरेने बायका घड तोडत आणि पुरुष भरलेल्या टोपल्या पाठीवर घेऊन उतरत. संध्याकाळी हौद द्राक्षांनी भरला की पुरुष मांड्यांपर्यंत त्यात उतरत, एकमेकांच्या खांद्यांवर हात टाकून रांगा धरत आणि एक-दोन, एक-दोन अशा हुकमावर पाय टाकत. सुरुवातीचे दोन तास ही शिस्त मोडायची नाही. मग रांग सुटायची, अकॉर्डियन वाजू लागायचे आणि त्याच हौदात नाच सुरू व्हायचा. पायाच्या तळव्याने साल फुटते, रंग उतरतो, पण बी चिरडत नाही. बी चिरडली तर वाइन कडवट होते, म्हणून यंत्राच्या युगातही काही घरे पायांवरच विसंबून आहेत.

रस आंबू लागला की त्यातली साखर दारूत बदलू लागते. साधारण निम्मी साखर उरली असताना तो रस ७७ टक्के तेजीच्या द्राक्षाच्या अर्कात मिसळतात, म्हणजे आंबणे तिथेच थांबते. उरलेली साखर वाइनमध्ये गोडवा म्हणून राहते आणि एकूण तेज २० टक्क्यांच्या आसपास जाते. हीच पोर्ट वाइन. गोव्यात आजही गोड लाल वाइनला सरसकट ‘पोर्ट वाइन’ म्हणतात, ते नाव या पोर्तो बंदरावरून आले. ती ५५० लिटरच्या लाकडी ‘पीपा’त भरायची. आपला ‘पिंप’ हा शब्द त्या पोर्तुगीज पीपातूनच आला आहे. पिंपे ‘राबेलो’ नावाच्या चपट्या तळाच्या होड्यांत चढवायची, नदीच्या खळाळांतून उतरवायची आणि पोर्तोसमोरच्या गाया गावातल्या थंड कोठारांत वर्षानुवर्षे मुरवायची. मळा वर, कोठार खाली आणि मध्ये बिनभरवशाची नदी अशी या धंद्याची मांडणी होती.

१८४४ : कारभार हाती

आंतोनिया यांचा जन्म ४ जुलै १८११ चा. सख्ख्या चुलत भावाशी त्यांचे लग्न झाले. त्यामुळे दोन भावांची मालमत्ता एका घरात राहिली. त्यांच्या यजमानांचे नावही आंतोनियो बेर्नार्दो. पोर्तोतल्या थाटामाटात रमणारे, खर्चिक गृहस्थ अशी त्यांची नोंद आहे. १८४४ साली ते वारले. आंतोनिया तेव्हा ३३ वर्षांच्या होत्या आणि पदरात एक मुलगा व एक मुलगी होती.

पोर्तुगालच्या जुन्या कायद्यात नवरा-बायकोची मालमत्ता सामायिक धरून निम्म्यावर बायकोचा हक्क मानण्याची रीत होती. हीच रीत १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेतून गोव्यात आली आणि तिथे ती आजही पाळली जाते. पण नवरा असेपर्यंत कारभार नवऱ्याचाच. वैधव्याने बाईच्या हातात किल्ल्या यायच्या आणि तेव्हाच चारी बाजूंनी सल्लागार उभे राहायचे. मळे विका, व्यापार भाऊबंदांकडे द्या, आपण पोर्तोत सुखाने राहा, असा सरळ रस्ता श्रीमंत विधवेपुढे होता. आंतोनिया खोऱ्यात गेल्या. कुठल्या बांधाचा दगड सुटला आहे, कुठल्या उतारावर नवी ओळ बसेल, कुणाची मजुरी राहिली आहे, हे त्या जातीने पाहू लागल्या. त्यांच्या बाबतीत खोऱ्यात जे काही सांगितले जाते त्यात मेजवान्या कमी आणि मळ्यावरच्या फेऱ्या जास्त आहेत.

भुरीची वर्षे

१८५० च्या दशकात युरोपभर द्राक्षवेलींवर एक नवा रोग आला. पानांवर, कोवळ्या मण्यांवर पिठासारखा पांढरा थर बसे, मणी तडकत आणि घड वाया जात. हीच आपली भुरी. आज आपण सकाळच्या गारव्यात गंधकाची धुरळणी करतो आणि हा रोग आवरतो. तेव्हा हा उपाय कळायला आणि खोऱ्यातल्या शेवटच्या मळ्यापर्यंत पोहोचायला काही हंगाम गेले. तोवर पीक हातचे गेले होते. लहान शेतकरी कर्जात बुडाले.

याच काळात घरावर दुसरे संकट आले. पंतप्रधान असलेल्या ड्यूक ऑफ साल्दान्या यांनी आंतोनियांची मुलगी मारिया हिला आपल्या मुलासाठी मागणी घातली. मुलगी ११ वर्षांची होती आणि मोठ्या इस्टेटीची वारस होती. आंतोनियांनी नकार दिला. देशात सर्वांत ताकदवान असलेल्या माणसाला विधवेने नाही म्हणणे म्हणजे काय, ते त्यांना ठाऊक होते. १८५४ साली त्या मुलीला घेऊन निघाल्या, स्पेनची हद्द ओलांडली आणि लंडन गाठले. दोघींनी शेतकरी बायकांचा वेश घेतला होता, असे सांगतात. मळ्यांवरचा त्यांचा कारभारी फ्रान्सिस्को झोझे द सिल्व्हा तोरेस हा विश्वासू माणूस होता. १८५६ साली त्याच्याशी त्यांनी दुसरे लग्न केले. कारभाऱ्याशी लग्न केले म्हणून लोक काय म्हणतील याची त्यांनी फिकीर केली नाही. पुढे मारियाचे लग्न आसांबुजाच्या काउंटशी झाले, पण ते तिच्या वयात आणि घराच्या मर्जीने.

या प्रसंगाकडे मी मुद्दाम लक्ष वेधते. इस्टेट वाचवायची म्हणून घरातली मुलगी देऊन टाकणे जगभरातल्या जमीनदार घराण्यांना नवे नव्हते. या बाईंनी मळे मागे ठेवले आणि मुलीला घेऊन गेल्या. मळे परत मिळवता येतात, हा हिशेब त्यांना पक्का कळला होता.

व्हालेइराचा खळाळ

दोरूच्या वरच्या भागात व्हालेइरा नावाची घळ आहे. अठराव्या शतकाच्या शेवटी तिथला खडक फोडून होड्यांसाठी वाट केली होती, तरी पाणी तिथे उसळत असे. १२ मे १८६१ रोजी वेझूव्हिओवरून एक होडी खाली निघाली. होडीत दोना आंतोनिया, घरची मंडळी आणि पाहुणे होते. पाहुण्यांत जोसेफ जेम्स फॉरेस्टर होते. मूळचे इंग्रज, पण आयुष्य दोरूत घालवलेले. त्यांनी नदीचा आणि मळ्यांचा तपशीलवार नकाशा काढला होता आणि पोर्तुगालच्या राजाने त्यांना बॅरन केले होते. व्हालेइराच्या घळीत होडी उलटली. फॉरेस्टर बुडाले आणि त्यांचा देह कधीच सापडला नाही. कमरेला बांधलेल्या सोन्याच्या नाण्यांच्या कशाने त्यांना खाली ओढले, असे लोक सांगतात. दोना आंतोनिया वाचल्या. त्या काळच्या पिंजऱ्याच्या घेरदार झग्यात हवा भरली आणि तो त्यांना तारून गेला, ही आख्यायिका खोऱ्यात आजही सांगितली जाते.

फॉरेस्टर यांचा एक आग्रह इथे नोंदवायला हवा, कारण तो पुढे उपयोगी पडणार आहे. दोरूच्या द्राक्षांत इतका दम आहे, की त्यांत अर्क न घालता, साखर पूर्ण आंबवून, सरळ साधी वाइन करा, असे ते आयुष्यभर सांगत राहिले. व्यापाऱ्यांनी त्यांना वेड्यात काढले. त्यांच्यानंतर घळीत ते मतही बुडाले, असेच सगळ्यांना वाटले असेल.

१९७६ साली व्हालेइराला धरण झाले आणि तो खळाळ शांत पाण्याखाली गेला.

मुळाशी आलेली कीड

भुरी पानावर दिसते, डावण्या पानावर दिसतो. १८६० च्या दशकात दोरूत जी कीड आली ती दिसत नव्हती. वेल एका वर्षी मलूल होई, दुसऱ्या वर्षी पिवळा पडे, तिसऱ्या वर्षी वाळे. उपटून पाहावे तर मुळांना गाठी आणि पुष्कळदा कीड पुढच्या वेलीवर निघून गेलेली. फायलोक्सेरा हे तिचे नाव. माव्याच्या जातीची, डोळ्यांना जेमतेम दिसणारी, अमेरिकेतून रोपांबरोबर आलेली. अमेरिकी वेलींच्या मुळांना तिची सवय होती, युरोपच्या वेलींना नव्हती. बघता बघता दोरूतल्या शेकडो पायऱ्या ओसाड पडल्या. पोर्तुगीज लोक अशा उजाड मळ्यांना ‘मोर्तोरिओ’ म्हणतात, मसणवट म्हणावे तसे. आजही डोंगरांवर दगडी बांध तसेच उभे आहेत आणि वेलींच्या जागी झुडपे आहेत.

उपाय सापडला तो कलमाचा. खाली अमेरिकी वेलीचा खुंट आणि वर आपल्या जातीची काडी. जमिनीतली कीड खुंटाला मारू शकत नाही आणि फळ मात्र जुन्या चवीचे येते. आज आपल्याला यात नवल वाटत नाही, कारण नाशिक-सांगलीत डॉगरिज खुंटाशिवाय बाग लावायचा कुणी विचारही करत नाही. आपण डॉगरिज घेतो तो खारवट पाण्यासाठी आणि दुष्काळासाठी, पण हा खुंटही अमेरिकी वेलींच्याच वंशातला. सप्टेंबरातली सकाळ डोळ्यांसमोर आणा. डॉगरिजच्या खोडाला कलमवाला मधोमध चीर देतो, काडीचे टोक दोन्ही बाजूंनी तासून पाचर करतो, चिरेत बसवतो, साल सालीला भिडली का ते अंगठ्याने चाचपतो आणि प्लास्टिकची पट्टी ताणून गुंडाळतो. हे सारे मिनिटाभरात होते. पुढे डोळा फुटेपर्यंत रोज जाऊन पाहायचे आणि पहिले पीक हातात यायला धीर धरायचा. दोना आंतोनियांच्या काळात प्रत्येक मळ्यावर अशा हजारो वेली उपटून, खडक पुन्हा खोदून, नव्याने लावायच्या होत्या आणि ते यशस्वी होईलच याची खात्री देणारे कुणी नव्हते.

त्यांनी त्या संकटात दोन गोष्टी केल्या. पहिली, नव्या पद्धती शिकून घेतल्या आणि आपल्या मळ्यांवर पुन्हा लावणी केली. दुसरी, आसपासच्या लहान शेतकऱ्यांना सोडून दिले नाही. पीक भरपूर आणि गिऱ्हाईक नाही, अशा वर्षांत त्यांनी शेतकऱ्यांची वाइन विकत घेऊन गायाच्या कोठारांत साठवली. पुढे किडीमुळे वाइनचा तुटवडा पडला तेव्हा हाच साठा चढ्या भावाने इंग्लंडला गेला. यात व्यापाराची नजर होती हे उघड आहे. पण पडत्या बाजारात रोख रक्कम घेऊन शेतकऱ्याच्या दाराशी येणारा माणूस काय असतो, हे ज्याने माल दारात पडलेला पाहिला आहे त्यालाच कळेल. रेग्वाच्या रुग्णालयाला आणि गोरगरिबांना त्यांनी केलेली मदतही खोऱ्याच्या आठवणीत आहे. फरेरिन्या ही हाक त्यांना तिथून मिळाली.

वयाच्या ६६ व्या वर्षी

१८७७ साल. खोऱ्यात कीड शिगेला पोहोचली होती, शेतकरी गाव सोडून जात होते, जमिनीला मोल उरले नव्हते. त्या वर्षी फोझ कोआ गावच्या नगरपालिकेने नदीच्या एका मोठ्या वळणावरची सुमारे ३०० हेक्टर पडीक जमीन लिलावात काढली. खोऱ्याच्या अगदी पूर्व टोकाला, सर्वांत कोरड्या भागात. रस्ता धड नाही, वस्ती नाही. ती जमीन दोना आंतोनियांनी घेतली. त्या ६६ वर्षांच्या होत्या.

तिथे व्हाल मेयांव हा मळा उभा राहिला. शिस्ट, ग्रॅनाइट आणि नदीने आणून टाकलेले गोटे अशी तिन्ही प्रकारची जमीन एकाच मळ्यात होती. १८८० साली दुसरे यजमान तोरेसही वारले. त्या थांबल्या नाहीत. १८८७ साली दोरू रेल्वे मळ्याजवळच्या पोसिन्यो स्थानकापर्यंत आली. नदीच्या लहरीवर चालणाऱ्या वाहतुकीला पहिल्यांदा पर्याय मिळाला आणि ज्या जागेला लोक आडवाट म्हणत होते ती बाजाराला जोडली गेली. घर, कोठार, हौद, वेली असे करत पुढली जवळजवळ दोन दशके हा मळा घडत राहिला.

२६ मार्च १८९६ रोजी रेग्वाच्या घरी दोना आंतोनियांचे निधन झाले. वयाची ८४ वर्षे झाली होती. मागे वीसहून अधिक मळे, भरलेली कोठारे आणि किडीतून उठून पुन्हा फळाला आलेले उतार होते. सर्वांत शेवटी लावलेली बाग पूर्ण बहरात आलेली त्यांना फार काळ पाहायला मिळाली नाही. ती त्यांच्या पतवंडांसाठी होती.

शेवटच्या मळ्याचे फळ

दोना आंतोनियांच्या मागे १८९८ साली वारसांनी कंपनी स्थापन केली आणि धंदा एकत्र ठेवला. विसाव्या शतकाच्या मध्यावर या कंपनीत फेर्नांदो निकोलाव द आल्मेदा नावाचे वाइनतज्ज्ञ होते. फ्रान्समधल्या बोर्दोला जाऊन आल्यावर त्यांच्या मनाने घेतले, की दोरूत अर्काशिवाय, सरळ आंबवलेली, दीर्घकाळ टिकणारी लाल वाइन करायची. फॉरेस्टर यांचेच जुने स्वप्न. जागा निवडली व्हाल मेयांव.

तिथे वीज नव्हती. सप्टेंबरच्या उन्हात रस आंबताना इतका तापे की वाइन बिघडायची. तेव्हा पोर्तोजवळच्या मातोझिन्योस या मासेमारी बंदरातून ट्रकने बर्फाच्या लाद्या आणल्या. डोंगररस्त्यांनी रात्रभर येणारा तो बर्फ वापरून पिंपांतला रस थंड ठेवला आणि १९५२ च्या हंगामात ‘बार्का व्हेल्या’ जन्मली. बार्का व्हेल्या म्हणजे जुनी होडी. ही वाइन दरवर्षी निघत नाही. वर्षानुवर्षे मुरवून, चाखून, त्या नावाला साजेशी ठरली तरच बाटलीवर ते नाव चढते. सत्तर वर्षांत ती जेमतेम विसेक वेळा निघाली आहे. पोर्तुगालची सर्वांत नामांकित लाल वाइन म्हणून तिचे नाव घेतात. ज्या नदीने फॉरेस्टर यांना गिळले आणि दोना आंतोनियांना सोडले, त्याच नदीच्या काठी, त्या बाईंच्या शेवटच्या मळ्यात फॉरेस्टर यांचे म्हणणे खरे ठरले.

१९८७ साली फरेरा कंपनी सोग्रापे या पोर्तुगीज वाइन उद्योगाकडे गेली. दोरूच्या साध्या वाइन आज ‘काझा फरेरिन्या’ या नावाने निघतात. वेझूव्हिओ १९८९ साली सायमिंग्टन कुटुंबाने घेतला. व्हाल मेयांव मात्र घराण्यातच राहिला. दोना आंतोनियांचे वंशज फ्रान्सिस्को द ओलाझाबाल यांनी इतर वारसांचे हिस्से विकत घेऊन तो एका हाती आणला आणि १९९९ च्या हंगामापासून मळ्याच्या स्वतःच्या नावाची वाइन सुरू केली. पोर्तुगालमध्ये कर्तबगार उद्योजक स्त्रियांना दोना आंतोनियांच्या नावाने पुरस्कारही दिला जातो.

आपल्या उताऱ्यावरचे नाव

हा इतिहास लिहिताना मला सारखे चांदवड आठवत होते. १९८६ च्या नोव्हेंबरात आपल्याच नाशिक जिल्ह्यात, चांदवडला शेतकरी महिलांचे मोठे अधिवेशन भरले. त्या विचारातून पुढे शरद जोशी यांच्या शेतकरी संघटनेने लक्ष्मीमुक्तीचा कार्यक्रम घेतला: शेतकऱ्याने आपल्या जमिनीचा काही हिस्सा स्वखुशीने बायकोच्या नावे करावा. विरळणी बाई करते, घड बुडवण्याचे काम बाई करते, तोडणी-निवडणी बाई करते. सातबाऱ्यावर मात्र तिचे नाव नाही. दोरूतही असेच होते. तोडणी बायकांची आणि हौद पुरुषांचा. दोना आंतोनियांना कारभार मिळाला तो वैधव्याने. आपल्याकडे काही घरांत तो नवऱ्याच्या हातून, हसत हसत मिळाला. ही गोष्ट मला फार मोठी वाटते.

आमच्या सासऱ्यांनी त्या दिवसांत दोन एकर सासूबाईंच्या नावे केले. पुढे लागोपाठ दोन हंगाम पाण्यात गेले आणि घरातल्या पुरुषांनी ठरवले, की बाग तोडून टाकायची. ट्रॅक्टर आला, लोखंडी अँगल उपटले गेले, तारा गुंडाळल्या गेल्या. सासूबाईंनी आपल्या दोन एकरांच्या बांधावर उभे राहून एवढेच सांगितले, “हे माझ्या नावचंय. हे राहू द्या.” त्यांना दोना आंतोनियांचे नाव माहीत असण्याचे कारण नव्हते. पण पडत्या वर्षी वेल जमिनीत ठेवणे काय असते, ते दोघींना सारखेच कळत होते. नंतर भाव सुधारला तेव्हा आमच्या घरात द्राक्ष होते ते फक्त त्या दोन एकरांत आणि उरलेल्या रानात पुन्हा लावणी करायचे बळ त्याच पैशातून आले.

ती जुनी बाग आता थकली आहे. मागच्या फाल्गुनात तिथे डॉगरिजची रोपे लावली आणि या सप्टेंबरात कलमे झाली. सासूबाई पंचाहत्तरीच्या पुढे आहेत. कलमवाल्यांची टोळी आली तेव्हा त्या खुर्ची टाकून सरीच्या तोंडाशी बसल्या होत्या. पहिल्या ओळीतल्या प्रत्येक रोपाची पट्टी घट्ट बसली का, ते त्यांनी मला एकेक करून पाहायला लावले. मी म्हटले, “आई, हिचं पीक यायला अजून दोन वर्षं आहेत.” त्या म्हणाल्या, “म्हणून तर पट्टी नीट बघ.”